गुरुवारी चार वाजता मुइक्कू

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायची नाही. मी बटणांचा मोबाइल फोन आहे. वय बारा. फोनांच्या जातीत बारा म्हणजे पिकलं पान. माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा केव्हाच पुसला गेला, फटींत माशांचे खवले अडकले आहेत आणि माझा पडदा आगपेटीएवढा आहे. पण मी चालतो. तुमच्या खिशातल्या काचेच्या पाट्या रोज संध्याकाळी चार्जरला लोंबकळलेल्या असतात. मी एकदा पोटभर जेवलो की आठवडाभर मागत नाही.

आज मला सांगायचं आहे ते मोबाइल मार्केटिंगबद्दल. हसू नका. त्या विषयावर कुओपिओ शहरात मोठमोठी व्याख्यानं होतात. पांढऱ्या बुटांतली माणसं कॉफी पीत पीत तिथे भवितव्य सांगतात. त्यांच्यातल्या एकालाही किलोभर मासा विकता यायचा नाही. मी विकला आहे, अकरा वर्षं, दर गुरुवारी.

माझा जन्म सालो गावचा. तिथे तेव्हा फोनांचा मोठा कारखाना होता. ज्या बाईने माझं झाकण बसवलं तिने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, कानाशी धरून हलवलं, काही खुळखुळत नाही ना याची खात्री केली आणि मला खोक्यात ठेवलं. एक शब्द बोलली नाही. मला तेव्हाच कळलं की आपण शहाण्या माणसांत जन्मलो आहोत. तो कारखाना पुढे बंद पडला, कारण तुम्हा सगळ्यांना काच हवी होती. असो.

कुइक्कालाहती या सरोवरकाठच्या गावात मला रायलीने घेतलं. रायली तिइहोनेन म्हणजे आमच्या धक्क्यावरची कोळीण, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, रुंद खांद्यांची, एकटी राहणारी. वडिलांनी बांधलेली होडी ती स्वतः चालवायची. होडीचं नाव ‘साइमी’. दुकानदाराला तिने दोनच प्रश्न विचारले: हा भिजला तर चालेल का, आणि हा उगाच वाजत तर नाही ना? दुकानदार दुसऱ्या प्रश्नावर हसला. रायली हसली नाही.

तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, रबर लावलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. तिथे मी अकरा वर्षं राहिलो, चाकू आणि पुदिन्याच्या गोळ्यांच्या शेजारी. एकदा सरोवरात पडलो. तिने मला जाळ्याच्या झेल्याने उचललं, पोटातलं सगळं काढून भाकरीच्या भट्टीवर दोन दिवस वाळवलं. मी पुन्हा लागलो. काच असती तर त्याच दिवशी मयत झाली असती.

माझं काम काय होतं ते ऐका. बुधवारी बरोबर बारा वाजता रायली अंगठ्याने टाइप करायची: ‘मुइक्कू. गुरुवार चार वाजता. रायली.’ मुइक्कू म्हणजे बोटभर लांबीचा चंदेरी मासा. राय धान्याच्या काळ्या पिठात घोळवून लोण्यात तळला की आमच्याकडे माणसं जेवताना होती-नव्हती तेवढीही बडबड बंद करतात. हा संदेश मी त्रेचाळीस जणांना पाठवायचो. एका वेळी दहांनाच जायचा, म्हणून पाच खेपा. झालं मार्केटिंग. ना चित्र, ना गाणं, ना ‘प्रिय ग्राहक’.

आणि आता महत्त्वाचं. आमच्या गावात न आलेलं उत्तर म्हणजे होकार. ज्याला यायचं नाही तोच लिहितो: ‘येत नाही.’ ज्याला यायचं असतं तो गप्प बसतो आणि चार वाजता बादली घेऊन धक्क्यावर उभा राहतो. हा नियम कुणी बसून केला नाही. सुरुवातीला प्रत्येक संदेशाला पैसे पडायचे, आणि जे ठरलेलंच आहे ते सांगायला कोण पैसे घालवणार? पुढे संदेश जवळपास फुकट झाले तरी सवय राहिली. फुकट मिळतं म्हणून तोंड वाजवायची रीत आमच्याकडे नाही.

एकदाच गोंधळ झाला. हेलसिंकीचा सामुली नावाचा एक गृहस्थ काठावर उन्हाळी घर बांधून आला. त्याने रायलीकडे स्वतःचा नंबर दिला आणि पहिल्याच संदेशाला उलट लिहिलं, ‘वा, छान! नक्की येतो! खूप खूप आभार!’ आणि पुढे तीन हसरे चेहरे. रायलीने ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या लेम्पीआजीला विचारलं, हा माणूस दुपारीच घेतो की काय? गुरुवारी तो आला नाही. पुढेही त्याची उत्तरं दर बुधवारी यायची आणि तो कधीच यायचा नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

या गप्प बसण्याचा आणखी एक उपयोग होता. उत्तरही नाही आणि साडेचारपर्यंत माणूसही नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. लेम्पीआजी तळघराच्या पायऱ्यांवरून पडली ती अशीच सापडली. रायली मासे सोडून तिच्या घरी गेली आणि मीच दवाखान्याला फोन लावला. त्या दिवशी रायलीने मला एप्रनला पुसून स्वच्छ केलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच, पण मला पुरलं.

अर्वी केत्तुनेनबद्दल सांगायला हवं. कालव्यावर बोटी वर-खाली करायचे पाण्याचे दरवाजे असतात ना, त्यांचा तो राखणदार होता. आता निवृत्त आहे, पण टोपी अजून तीच. रायलीच्या शाळेत दोन-तीन वर्गांनी पुढे होता. दर गुरुवारी पहिला यायचा, दोन किलो घ्यायचा, मान हलवायचा, जायचा. अकरा वर्षांत त्याने मला एकच संदेश पाठवला: ‘येत नाही. केर्त्तूला पोचवायचंय.’ केर्त्तू त्याची बायको, आणि पोचवायचं होतं ते कबरस्तानात. रायलीने तो वाचला, मला खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन किलोंची पिशवी त्याच्या पायरीवर ठेवून, दार न वाजवता परत आली. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा पहिला होता. त्या पिशवीबद्दल दोघांपैकी कुणी अक्षर काढलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे कुणीतरी सुधारायला येणारच.

गेल्या ऑगस्टमध्ये रायलीच्या बहिणीची मुलगी हेन्ना आली. वय चौतीस, कुओपिओत मार्केटिंगच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. पांढरे बूट घालून ती मासळीच्या धक्क्यावर उतरली, यावरूनच काय ते समजा. पोर मनाने वाईट नव्हती, मावशीवर तिचा जीव होता. तिने माझी यादी पाहिली आणि विचारलं की पूर्वी किती नावं होती. एकावन्न, रायली म्हणाली. दर हिवाळ्यात एखादं गळायचं, कबरस्तानात किंवा लेकाकडे शहरात. हेन्ना म्हणाली की असंच चाललं तर दहा वर्षांनी तू एकटीच मासे धरशील आणि एकटीच खाशील. हे तिचं म्हणणं खरं होतं. खोटं बोलणाऱ्यापेक्षा अर्धं खरं बोलणारा जास्त गोत्यात आणतो.

मग तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नोव्हेंबरात तिला व्याख्यान द्यायचं होतं. विषय: ‘मोबाइल मार्केटिंग: आव्हाने आणि उद्याच्या संधी’. त्यात तिला मावशीचं उदाहरण घालायचं होतं. आव्हानं काय, तर माणसं संदेश न वाचता पुसतात, परवानगीशिवाय पाठवता येत नाही आणि कुणाचंही लक्ष तीन सेकंदांच्या वर टिकत नाही. आणि संधी काय, तर उद्या फोनला तुमचा ठावठिकाणा कळेल आणि तुम्ही धक्क्याजवळून जाताना तो सांगेल की इथे ताजी मासळी आहे. मी टेबलावर पडून ऐकत होतो. अहो, धक्क्याजवळून जाणाऱ्याला मासळीचा वास येतो. त्याला आकाशातला उपग्रह कशाला?

रायलीने वाद घातला नाही. ती कॉफीचा कप फिरवत म्हणाली, “कर तुला काय करायचं ते. त्यांना मासे मिळाले म्हणजे झालं.”

झालं. तिला नवा काचेचा फोन मिळाला, नवा नंबर मिळाला. माझ्यातली नावं हेन्नाने संगणकात घातली. संदेश आता ‘रायलीचं रुपेरी सरोवर’ या नावाने आपोआप जाऊ लागले. त्या नावाला उलट काही लिहायची सोयच नव्हती. उत्तर द्यायचं तर वेगळ्या एका नंबरावर. आणि मी? मला खिशातून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. नव्या फोनचा गजर पक्ष्यांच्या किलबिलीचा होता. रायली म्हणाली, पक्षी ऐकायला खिडकी आहे, मला उठायचंय. म्हणून मी गजराचं घड्याळ झालो. माझा जुना नंबरही चालू राहिला, कारण तो बंद करायला कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा दरमहा पैसे भरणं रायलीला सोपं वाटलं.

खिडकीतून धक्का दिसतो. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिला संदेश गेला तो असा: ‘हेय! सरोवर तुम्हाला हाक मारतंय! आमच्या रुपेरी कुटुंबात राहायचं असेल तर हो लिहा!’ दुसरा: ‘तुम्ही कोणता मासा आहात? पाच प्रश्नांत ओळखा!’ मित्रांनो, हा प्रश्न अर्वी केत्तुनेनला विचारला गेला. ज्या माणसाने चाळीस वर्षं कालव्याचे दरवाजे सांभाळले त्याला विचारलं की तू कोणता मासा. तिसऱ्यात बदामाचं चित्र होतं आणि नामदिवसाच्या, म्हणजे आमच्या पंचांगात ज्या दिवशी आपलं नाव असतं त्या दिवसाच्या, शुभेच्छा, तेही चुकीच्या दिवशी. मी आयुष्यात कधी लाजलो नव्हतो. तेव्हा लाजलो.

हेन्नाने धुरी दिलेल्या माशाची सोडतही काढली. दूरदूरच्या शहरांतून अठराशे लोकांनी नावं नोंदवली. ते माशांच्या फोटोंना अंगठे दाखवायचे. हेन्ना दर रविवारी फोन करून आकडे सांगायची, मावशी, आज इतके अंगठे आले. रायली म्हणायची, बरं. अंगठे काय तळून खायचे?

धक्क्यावर मात्र माणसं कमी होत गेली. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी तीस आली, दुसऱ्या गुरुवारी बावीस. त्यानंतर हेन्नाने फोनवर कळवलं की तिने यादी साफ केली आहे. रायलीला वाटलं, साफ केली म्हणजे बरंच केलं असेल, मासा साफ करतात तशी. पुढच्या गुरुवारी चार वाजता रायली पेट्या मांडून उभी राहिली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. कुणी नाही. ती पाच वाजेपर्यंत उभी होती. मग तिने निम्मे मासे मिठात घातले आणि निम्मे पाणपक्ष्यांना टाकले. ऑक्टोबरात आमच्या धक्क्यावरचे पक्षी इतके माजले की त्यांना उडायचा कंटाळा येऊ लागला.

तुम्ही म्हणाल, तिने विचारायचं ना कुणाला तरी. गाव केवढं, सगळे रोज भेटतात. हां, हेच तर. तुम्ही आमच्या माणसांना ओळखत नाही. रायलीला वाटलं, त्या बदामांनी लोक चिडले, हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून गोठवलेला मासा घेऊ लागले. त्यांना तसं आवडत असेल तर आपण कोण विचारणारे? आणि लोकांना वाटलं, रायली आता मोठी झाली, शहरातले अठराशे मिळाले, आपल्याला बोलावणं बंद केलं. तिला नको असू तर आपण कोण विचारणारे? किराणा दुकानाच्या रांगेत रायली आणि अर्वी मागेपुढे उभे राहिले, तर ती कॉफीच्या पुड्यांकडे बघायची आणि तो काडेपेट्यांकडे. मान हलवायचे, घरी जायचे. हे मला पुष्कळ नंतर लेम्पीआजीकडून कळलं. त्या दिवसांत ती रायलीकडे खमीर मागायला आली होती आणि खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली की अर्वी हल्ली कालव्याच्या भिंतीवरून गळ टाकतो, काटेरी पर्च मासा खातो. रायली म्हणाली, त्याची मर्जी. लेम्पीआजी खमीर घेऊन गेली. स्वतःला बोलावणं येत नाही हे तिनेही सांगितलं नाही. इतकी अभिमानी माणसं एका गावात जमली की त्यांना उपाशी मारायला शत्रू लागत नाही.

रायली खचली. मी तिला अकरा वर्षं ओळखतो, ती रडत नाही. ती भांडी दोनदा घासू लागली. पहाटे मी वाजायचो, ती मला बंद करून तशीच बसून राहायची. एक दिवस यार्मो आला. पलीकडच्या काठावर त्याचं पर्यटकांचं तंबूचं आवार आहे. त्याला ‘साइमी’ हवी होती. मासेमारीला नव्हे. फाटकाशी उभी करून आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची, शहरच्या लोकांना फोटोला बरं. रायलीने वडिलांनी बांधलेल्या होडीकडे खिडकीतून पाहिलं. मग म्हणाली की शुक्रवारपर्यंत थांब, शेवटचं जाळं काढते, मग गाडी घेऊन ये. यार्मोने टोपी घातली आणि गेला. मी काही करू शकत नव्हतो. मी गजराचं घड्याळ होतो.

त्याच आठवड्यातला बुधवार. रायली पीठ मळत होती, कोपरापर्यंत हात काळे. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. पूर्वी ज्या मिनिटाला मी संदेश पाठवायचो, त्याच मिनिटाला मी वाजलो. गजर सोडला तर दोन महिन्यांत पहिल्यांदा.

रायलीने हात न धुता मला उचललं. संदेश अर्वीचा होता. त्यात दोनच शब्द होते.

‘येत नाही.’

तिने ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग माझ्याशी बोलली. इतक्या वर्षांत माझ्यातून बोलली होती, माझ्याशी पहिल्यांदा. “येत नाही? अरे, पण तुला बोलावलं कोणी?”

आणि मग ती खुर्चीवर बसली. कारण तिला स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर कळलं होतं. अर्वीसारखा माणूस न आलेल्या निमंत्रणाला नकार कळवतो, याचा अर्थ तो दर बुधवारी बारा वाजता फोन समोर ठेवून बसतो. ‘मला का बोलावत नाहीस’ असं विचारणं त्याच्याच्याने या जन्मी झालं नसतं. त्याला हे दोन शब्द येत होते, त्याने तेच पाठवले.

तिने हेन्नाला फोन लावला, माझ्यावरूनच. माझ्या पाचाच्या बटणाला पीठ लागलं ते अजून आहे.

“अर्वी केत्तुनेनला संदेश जातो का गं?”

हेन्नाने संगणकात पाहिलं. “नाही मावशी. तो मृत आहे.”

“काय?”

“म्हणजे तसा नाही गं. मृत ग्राहक. तीन संदेशांना उत्तर नाही आलं की यादीतून आपोआप जातो. तुझे बेचाळीस गेले. उगाच कशाला ठेवायचे, ते काहीच प्रतिसाद देत नाहीत.”

“राहिलं कोण?”

“जुन्यांतला एक. सामुली. तो मात्र खूप छान आहे, प्रत्येक वेळी लिहितो.”

रायलीने डोळे मिटले. मला वाटलं आता ती ओरडेल. ती हळूच म्हणाली, “हेन्ना, जे उत्तर देत नाहीत ते येतात.”

“असं कुठे असतं, मावशी?”

“इथे असतं.”

मग हेन्नाने विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलंस. रायली म्हणाली की तू विचारलं नाहीस, आणि मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं. तीच चूक, घरातल्या घरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अठराशे अनोळखी माणसं शोधली आणि बेचाळीस ओळखीची जितीजागती माणसं मेली म्हणून खोडली. याला ते मार्केटिंग म्हणतात. आमच्याकडे याला आंधळेपणा म्हणतात.

रायलीने हात धुतले. माझी यादी उघडली. हेन्नाने नावं उतरून घेतली होती, माझ्यातून पुसली नव्हती. जुन्या फोनात कोण बघतो? सव्वा वाजता तिने लिहिलं: ‘मुइक्कू. गुरुवार चार वाजता. रायली.’ माफी नाही, खुलासा नाही. मी पाच खेपा घातल्या. माझं पोट एका काडीवर आलं होतं, पण एकही संदेश सांडू दिला नाही.

त्यानंतर आम्ही वाट पाहिली. मित्रांनो, इतकी वाईट वाट मी कधी पाहिली नव्हती. एकही उत्तर आलं नाही. संध्याकाळ झाली, सरोवरावरून आल्यावर तिने मला पाहिलं, काही नाही. गुरुवारी सकाळी पाहिलं, काही नाही. सामुलीचे हसरे चेहरेसुद्धा नाहीत, कारण तो नव्या नंबरावर हसत होता. एरवी या शांततेने तिने निवांत पेट्या भरल्या असत्या. पण आता ती शांतता होकाराची की रुसव्याची हे कळायला मार्ग नव्हता. दोन्ही दिसायला सारख्याच. मी आतून पाहत होतो, मलाही फरक कळला नाही.

पावणेचारला तिने एप्रन बांधला. दारापर्यंत गेली, परत आली, मला पिशवीत घातलं, रबर लावलं आणि खिशात टाकलं. तिथे अजून पुदिन्याचा वास होता.

धक्क्यावर कुणी नव्हतं. तिने तराजू मांडला. चारला पाच मिनिटं कमी असताना रेतीवर बुटांचा आवाज आला. कालव्याची टोपी, हातात बादली. अर्वी नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला.

रायलीने त्याच्याकडे न बघता दोन किलो मोजले. “येत नाही म्हणालास.”

“बोलावलं नव्हतंस.”

तिने मासे बादलीत ओतले. मग आणखी एक ओंजळ भरून वर टाकली. अर्वीने बादलीकडे पाहिलं आणि मान हलवली. पण तो नेहमीसारखा गेला नाही. बाजूला होऊन तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या मागून लेम्पीआजी काठी टेकत आली, मग सुतार, मग शाळेतली बाई, मग वरच्या आळीतले सगळे. रांग होडीपर्यंत गेली. कुणी काही विचारलं नाही, रायलीने काही सांगितलं नाही. पाच वाजता पेट्या रिकाम्या होत्या आणि पाणपक्षी बोंबलत होते. रायलीने नाक पुसलं ते थंडीने, असं तिचं म्हणणं आहे. मी खिशात होतो, मला विचारू नका.

शुक्रवारी यार्मो गाडी घेऊन आला. रायलीने त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, फुलं कुंडीत लाव.

रविवारी हेन्ना आली. या वेळी पायात रबरी बूट होते. लॅपटॉप उघडून बसली, व्याख्यान दोन दिवसांवर आलं होतं. तिने विचारलं, “मावशी, बुधवारच्या संदेशाला किती उत्तरं आली?”

“एकही नाही.”

“आणि माणसं?”

“बेचाळीस.”

हेन्नाची बोटं थांबली. तिच्या तक्त्यात उत्तरांचा रकाना होता, येणाऱ्या माणसांचा रकानाच नव्हता. तिने लॅपटॉप मिटला. कुओपिओला जाऊन ती काय बोलली ते मला माहीत नाही आणि मला त्यात रस नाही. जाताना तिने मला खिडकीतून उचललं आणि माझ्या यादीत, सगळ्यांत खाली, स्वतःचा नंबर घातला. मी तिला अजून माफ केलेलं नाही. तिच्या धंद्याला तर मुळीच नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या फोनाचं भवितव्यावर काय ऐकायचं, असं तुम्हाला वाटेल. तुमचे फोन उद्या आणखी हुशार होतील, तुम्ही कुठे आहात, काय खाता, कोणता मासा आहात, सगळं सांगतील. सांगू देत बापडे. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या यादीतला एखादा गप्प झाला तर त्याला मेलेला धरू नका. आधी जाऊन बघा. आणि सांगण्यासारखं काही नसेल तर आम्हाला वाजवू नका, आम्हालाही जीव असतो.

पुढच्या बुधवारी बारा वाजता मी पुन्हा पाच खेपा घातल्या. हेन्नालाही संदेश गेला. ही पोर आलेल्या प्रत्येक अक्षराला उत्तर देणारी, बदामासकट. एक वाजला, संध्याकाळ झाली, गुरुवार उजाडला. तिचं उत्तर आलं नाही.

रायलीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मला खिशात टाकलं, आणि धक्क्यावर जाऊन एका पिशवीत दोन किलो भरून बाजूला ठेवले.